माळांचं पोतं

द्वारकाबाईला गावात कुणी गोड म्हणत नसे आणि तिलाही गावात कुणी धड दिसत नसे. तीस वर्षं हे असंच चाललं आणि दोन्ही बाजूंची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. वाटूर फाट्यापासून आत सहा-सात किलोमीटरवरचं धामणटाकळी हे तिचं माहेर. चोविसाव्या वर्षी नवरा वारला तेव्हा दोन वर्षांची पुष्पी कडेवर घेऊन ती भावाच्या, बद्रीनाथच्या दारात येऊन उभी राहिली. महिन्याभरात तिच्या लक्षात आलं की इथं निवारा मिळेल, पण उठताबसता भावजयीचं तोंड बघावं लागेल. म्हणून ती गावाबाहेरच्या मठात स्वयंपाकाला लागली. तिथली चूल तरी तिच्या मर्जीनं पेटायची.

मठ भुजंग महाराजांचा. हा भुजंग द्वारकेच्याच वयाचा, त्याच गावातल्या शेतकऱ्याचा पोरगा. चौदाव्या वर्षी घरातून पळाला, साधूबैराग्यांच्या मागं हिंडला आणि विशीत छातीपर्यंत दाढी घेऊन परतला. गळा चांगला, मन सरळ, अक्कल बेताची. "त्याला नाक पुसता येत न्हवतं तवापासून वळखते मी," असं द्वारकाबाई म्हणायची, पण चारचौघांत तीही महाराजच म्हणायची. त्याच्या हातून तुळशीची माळ घालून घेतलेले लोक आसपासच्या दहा गावांत मिळून चारशेच्या वर होते. माळ घातली की मटण बंद, एकादशी सुरू आणि गुरू म्हणेल ती पूर्व दिशा. या शेवटच्या गोष्टीचा तर फार गाजावाजा होता. दर सप्ताहाच्या समारोपाला मठाचे कारभारी सर्जेराव उभे राहायचे आणि छातीवर हात ठेवून सांगायचे, "महाराज म्हणले हिरीत उडी टाका, तर आम्ही दोर न्हाई मागणार." लोक टाळ्या वाजवायचे. द्वारकाबाई चुलीपाशी बसून कांदे चिरल्यासारखं तोंड करायची, आणि मठात तर कांदा चालत नव्हता.

सगळ्यांत तिडीक तिला पाद्यपूजेची यायची. एकादशीला महाराज पाटावर बसत, शिष्य रांगेनं येऊन त्यांचे पाय धूत आणि परातीतलं ते पाणी तीर्थ म्हणून ओंजळीनं पीत. "माझ्या हातची भाजी दोनदा धुतली का म्हणून इचारतेत," ती म्हणायची, "आन् पायाचं पाणी गटागटा पितेत. बरं, पाय धुऊन राह्यले तर नीट तरी धुवा. टाचंचा चिखल तसाच ठिवतेत." टाचेचा चिखल दुसऱ्या दिवशी तीच दगडानं घासून काढायची.

एकोणीसशे त्र्याऐंशी साली सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मठामागं मोठी चूल पेटली होती. महाराज वरणाची कढई बघायला आले आणि चुलीतून निसटलेल्या निखाऱ्यावर त्यांचा उजवा पाय पडला. पडला तो तिथंच राहिला. ते उभे राहून वरणात गूळ किती टाकला ते विचारत होते. द्वारकाबाईला आधी वास आला. "महाराज, पाय!" ती ओरडली. महाराजांनी खाली बघितलं, सावकाश पाय उचलला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्या पायाकडे बघत राहिले.

सर्जेराव जवळच होते. त्यांनी जे करायचं तेच केलं. वरणाला उकळी फुटायच्या आत सगळ्या मांडवात पसरलं होतं की महाराजांना सिद्धी प्राप्त झाली, विस्तव त्यांना भाजत नाही. लोक धावत आले, काळवंडलेल्या तळव्यावर डोकं ठेवू लागले. द्वारकाबाई ओरडून सांगत होती की बाबांनो, कातडी जळाली आहे, हळद आणा, तूप आणा. एकानं तिला गप्प बसायला सांगितलं. म्हणाला, बायामाणसांना यातलं कळत नाही.

पुढच्या वर्षीच्या सप्ताहात सर्जेरावांनी निखाऱ्यांचा चर केला. दहा गावं बघायला लोटली. आणि खरं सांगायचं तर महाराजांनाही ते आवडलं. आपल्याला काहीतरी मिळालं आहे असं त्या भोळ्या माणसाला मनापासून वाटत होतं. तो दोनदा चालला. दुसऱ्यांदा चालताना त्यानं द्वारकाबाईकडे बघून हसून दाखवलं, आणि तिला त्या हसण्याचा जेवढा राग आला तेवढा सर्जेरावांचाही कधी आला नव्हता.

पावसाळ्यात पाय चिघळला. वास येऊ लागला तसा मठात धूप जास्त जळायला लागला. पाद्यपूजा आधी डाव्या पायावर आली, मग पायांवरून उठून चांदीच्या पादुकांवर गेली. तीर्थ पिणारे आता लांबूनच हात जोडत. कुणी विचारलं नाही की महाराज, पायाला काय झालं. विचारलं असतं तर सिद्धी गेली असती. शेवटी एका सकाळी द्वारकाबाईनं महाराजांचा पाय जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला, त्यांना बैलगाडीत घालून फाट्यावर आणलं आणि जालन्याच्या एसटीत बसवलं. मंठा रोडला, शहराच्या अलीकडे, सिस्टरांचा एक दवाखाना होता. तिथं पैसे घेत नाहीत एवढंच तिला ठाऊक होतं.

सिस्टर केरळची, ठेंगणी, चष्मेवाली. तिनं मोराच्या पिसानं पायाला, पोटरीला, कोपराजवळच्या फिक्या चट्ट्याला स्पर्श करून विचारलं, "इथे समजते? इथे?" महाराज डोळे मिटून प्रत्येक वेळी नाही म्हणत होते.

"किती वर्षं झाली असं?"

"सिद्धीला दीड वर्ष झालं," द्वारकाबाई म्हणाली.

सिस्टरला ते कळलं नाही. रोगाचं नाव तिनं साध्या आवाजात सांगितलं, जसं पडसं सांगावं तसं. महारोग. गोळ्या आहेत, बरा होतो, पण पायाची काळजी घ्यावी लागेल. मग ती बुटक्या स्टुलावर बसली, कोमट पाण्याचं भांडं पुढं ओढलं आणि महाराजांचा पाय हातात घेतला. सवयीनं महाराजांचा हात आशीर्वादाला वर गेला. "हात खाली ठेवा," सिस्टर म्हणाली, "पाय सरळ धरा." तिनं बोटांच्या बेचक्या धुतल्या, टाच धुतली, किडे चिमट्यानं काढले. आणि ते पाणी उचलून मोरीत ओतून दिलं.

परतीच्या एसटीत वाटूर जवळ आलं. तसे महाराज म्हणाले, "त्या बाईनं पाणी मोरीत ओतलं."

"मंग काय पेयाचं व्हतं?"

"न्हाई गं. इतक्या वर्षांत माझा पाय पायासाठी कुणी धुतलाच न्हाई, द्वारके."

द्वारकाबाईच्या ओठावर आलं होतं की मी धुतला, टाच मी घासली.  पण खरं तर तीही चिडचिड करतच घासायची.

पुढं दोन बोटं काढावी लागली. तीन महिने महाराज दवाखान्यात होते. चारशेतला एकहीजण बघायला आला नाही. सर्जेरावांनी गावात सांगून टाकलं होतं की महाराज डोंगरात अनुष्ठानाला बसलेत. डोंगर तेव्हा लोखंडी खाटेवर बसून लाल-काळ्या गोळ्या गिळत होता आणि दुपारच्या वेळी तिथल्या फादरशी बोलत होता. काय बोलत होता ते द्वारकाबाईला कधी नीट कळलं नाही. डबा घेऊन गेली की दोघं बाकावर बसलेले दिसायचे. फादर बोलायचा आणि महाराज नवीन पोरासारखं ऐकायचे.

शहाऐंशीच्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनात, महाराजांनी मध्येच टाळ थांबवायला सांगितले. म्हणाले, "मी येशूला मानलंय. ईस्टरच्या दुसऱ्या ऐतवारी बाप्तिस्मा घेऊन राह्यलो. मला कुणी लालूच दिली न्हाई, जबरी केली न्हाई. मी कुणाला चला म्हणत न्हाई. पण तुम्ही म्हणत आल्ता की जिथं महाराज तिथं आम्ही. म्हणून सांगितलं."

 मग कुणीतरी मागून विचारलं, "म्हंजी किरिस्ताव?"

"व्हय."

सगळ्यांच्या माना सर्जेरावांकडे वळल्या. दोर न मागणारे सर्जेराव उपरण्यानं कपाळ पुसत होते. ते म्हणाले, "हिरीची गोष्ट येगळी व्हती." आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक बसली. कुणाला वाटेल, तिथं देवाधर्माचा खल झाला असेल, कुणी रडलं असेल, कुणी महाराजांची बाजू घेतली असेल. छे! चर्चा झाली ती माळांची. रीत अशी की माळ ज्या हातानं घातली त्याच हाताला परत द्यायची. घालणारा जिवंत असताना माळ नदीत सोडली तर पाप लागतं, आणि ठेवली तर बाटलेल्या गुरूचे चेले ठरतो. म्हणजे प्रत्येकानं जालन्याला जाऊन महाराजांच्या हातात माळ द्यायला पाहिजे. पण तिथं गेलेलं कुणी बघितलं तर? म्हणतील, हाही गेला. चारशे शहाणे दुपारपर्यंत या पेचात अडकले होते. शेवटी सर्जेरावांना युक्ती सुचली. ते मठात आले. द्वारकाबाई राख चाळत होती.

"आक्का, तू तर नेहमीच जाती तिकडं. सगळ्यांच्या माळा तूच घेऊन जा."

"तुमचे हात झडले काय?"

"आमच्या घरादाराचा इचार कर जरा."

द्वारकाबाईनं चाळणी ठेवली आणि पारावर गेली. तिथं तिनं त्या चारशेंची जी हजेरी घेतली ती गावात पुढं कित्येक वर्षं आठवली जायची. पायाचं पाणी पेलात, म्हणाली. पाय सडला तवा नाकाला फडकं लावलंत. आता माळ द्याया बाईला धाडता. मी घेऊन जाते तुमचं पोतं. पण मी नुसतं पोतं टाकून येणार न्हाई. त्यांच्यामागं बाकावर बसंन. माझी माळ गळ्यातच राहील आन् मी बसंन. बघू कोण काय करतं.

हे तिनं आधीच महाराजांना कबूल केलं होतं. काल्याच्या दिवशी मठ सोडून जालन्याला निघताना त्यांनीच विचारलं होतं, "तू येशील?"

"मी तुमचा देव घेणार न्हाई. साफ सांगते."

"नको घेऊ. माझ्यामागं नुस्ती बस. गावचं एक तरी माणूस दिसलं पायजे."

"येते," ती म्हणाली होती.

शनिवारपर्यंत माळा गोळा झाल्या. कुणी बायकोच्या हाती पाठवली, कुणी कागदात बांधून उंबऱ्यावर ठेवली, कुणी खिडकीतून फेकली. पोत्याला वजन फारसं नव्हतं. तुळशीची वाळकी काष्ठं ती. आणि माळ उतरली की माणूस मोकळा होतो, ही गोष्ट कुणी बोललं नव्हतं तरी सगळ्यांच्या ध्यानात होती. त्या आठवड्यात वाटूरच्या खाटकाकडे दुपारनंतर हाडूकही मिळत नव्हतं. वीस-वीस वर्षं तोंडाला पाणी सुटलेली माणसं गुरूच्या नावानं हळहळत रस्सा ओरपत होती.

शनिवारी दिवेलागणीला बद्रीनाथ बहिणीपुढं येऊन बसला. तो वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. म्हणाला, "मंठ्याचे लोक पुष्पीला बघून गेल्ते. त्यांचा होकार यायचाय. तू किरिस्तावाच्या देवळात बसली हे कळलं तर पोरगी घरात राहील."

"त्यांला कळंल कसं?"

"सर्जेराव सांगंल की. मुद्दाम जाऊन सांगंल."

 पहाटे उठून द्वारकाबाईनं ज्वारीच्या भाकरी थापल्या, आंबाडीची भाजी केली, पोतं डोक्यावर घेतलं आणि फाट्याकडे निघाली.

दवाखान्याच्या आवारात मांडव घातला होता. भाड्याच्या खुर्च्या रांगांनी मांडल्या होत्या, तीनशे तरी असतील, आणि एका कडेला जेवणाची पातेली होती. पांढऱ्या झग्यातला फादर फाटकात उभा राहून रस्त्याकडे बघत होता. त्यालाही वाटलं होतं की महाराज आले म्हणजे मागून ट्रक भरभरून लोक येतील. मेंढका पुढं निघाला की मेंढरं मागं येतात, एवढंच त्याला पुस्तकात शिकवलेलं. हा शिकलेला माणूस आणि सर्जेराव, द्वारकाबाईच्या लेखी दोघं एकाच अकलेचे होते. त्यानं तिला अदबीनं विचारलं, "बाकीचे मागच्या गाडीनं येतायत का?"

तिनं पोतं खाली उतरवून त्याच्या पायाशी ठेवलं. "आले की. सगळे ह्यात हायेत."

फादरनं पोत्यात डोकावून बघितलं. मग त्यानं रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. त्याचा चेहरा असा उतरला की द्वारकाबाईला क्षणभर बरं वाटलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून महाराज आले. दाढी काढलेली, पांढरा सदरा, कापडी बूट, हातात काठी. दाढीशिवाय त्यांचा चेहरा एवढासा दिसत होता, नाक पुसता न येणाऱ्या भुजंगाचा. त्यांनी पोतं बघितलं. तिच्याकडे बघून म्हणाले, "आलीस." घंटा वाजली. ते लंगडत आवारातल्या देवळाच्या दाराकडे निघाले. सिस्टर निघाल्या, दवाखान्यातली दहा-बारा माणसं निघाली.

द्वारकाबाई फाटकातच उभी होती. पुढं वीस पावलांवर दार. दार उघडं होतं, पण बाहेर ऊन असल्यामुळं आत फक्त काळोख दिसत होता. महाराजांनी पायरीवर थांबून मागं बघितलं. तिनं पाऊल उचलायचं ठरवलं, आणि ते उचललं नाही. ती पुष्पीचा विचार करत होती, असं तिनं त्या वेळी स्वतःला सांगितलं. महाराज उंबऱ्यावर पोहोचले, पुन्हा एकदा वळले, आणि आत गेले.

तिनं डबा राखणदाराच्या हातात दिला. "त्यांला द्या," म्हणाली आणि रस्त्याच्या कडेच्या लिंबाखाली जाऊन बसली. एसटी यायला दीड तास लागला. तो सगळा वेळ तिला आतलं गाणं ऐकू येत होतं.

पुष्पीचं लग्न त्याच उन्हाळ्यात मंठ्याला झालं. गावात द्वारकाबाई म्हणाली की बसले होते मी बाकावर, तर काय झालं? आणि गावानंही मानलं, कारण असलं करण्याचा नेट फक्त तिच्यातच होता. सर्जेरावांनी खरोखरच मंठ्याला जाऊन चुगली केली, पोराच्या बापानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरीला सैपाक येतो ना?" एवढ्यावर ते प्रकरण मिटलं. त्या दिवशी द्वारकाबाईला पहिल्यांदा जेवण गेलं नाही.

महाराज पुढं आठ वर्षं त्या आवारात राहिले. भिंतीलगतची एक खोली, समोर वांगी-मिरचीचे वाफे. सिस्टर त्यांना पौलूस म्हणायच्या, द्वारकाबाई महाराजच म्हणत राहिली. दर महिन्याला ती डबा घेऊन जायची, वाफ्याच्या कडेला बसून धामणटाकळीच्या प्रत्येक माणसाची लाज काढायची, आणि महाराज पोट धरून हसायचे. पोतं खोलीत खुंटीला टांगलेलं असायचं. त्या रविवारचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. काढला असता तर तिच्याजवळ पुष्पीचं लग्न तयार होतं.

चौऱ्याण्णवच्या थंडीत ते अंथरुणाला खिळले. ती भाकरी दुधात कुस्करत होती. ते छताकडे बघून म्हणाले, "त्या दिशी दोनदा मागं वळून बघितलं मी."

"पुष्पीचं लगीन..."

"व्हय," ते म्हणाले. तिला रागावले असते तरी चाललं असतं. ते रागावले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. आवारातल्या कोपऱ्यात त्यांना पुरलं, वर लाकडी क्रूस रोवला. गावातून कुणी आलं नाही. सिस्टरनं त्यांचे दोन सदरे आणि ते पोतं तिच्या हवाली केलं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण सर्जेराव अजून जिवंत होते. पाच-सहा वर्षांत शेजारच्या एका गावात कुणा बाबाची समाधी बांधली गेली, तिथं डांबरी सडक गेली, जत्रा भरली, नारळाची दुकानं लागली. धामणटाकळीचा जीव खाली-वर झाला. आपल्याकडे तर खरे सिद्धपुरुष होऊन गेले, निखाऱ्यावर चाललेले! मधली अडचण सर्जेरावांनी अशी सोडवली की ऐकून द्वारकाबाईला उभ्या उभ्या भोवळ यायची राहिली. महाराज बाटलेच नव्हते. त्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली. बघू, माझ्यामागं कोण वाहवत जातं! आणि आपण एकजणही गेलो नाही, म्हणजे आपण चारशेच्या चारशे पास झालो.

लोकांना हे इतकं पटलं की वर्गणी आठ दिवसांत जमली.

दोन हजार सालच्या माघात समाधी उभी राहिली. आत कुणीच नव्हतं. वर संगमरवराचे दोन पाय, पादुका म्हणून. द्वारकाबाई बघायला गेली. गुळगुळीत तळवे, गोल टाचा, आणि दहाही बोटं जागच्या जागी. ती घरी आली आणि माळ्यावरून पोतं काढलं.

समारंभाला मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. सर्जेरावांनी माइकवर सांगितलं की महाराजांच्या अखेरच्या क्षणाची साक्षीदार आपल्यात आहे. "आक्का, सांग सगळ्यांला. जाताना महाराज काय म्हणले?"

त्यांना काय पाहिजे ते तिला पाठ होतं. देवाचं नाव पाहिजे होतं. द्वारकाबाई पोतं घेऊन पुढं आली. पंचावन्न वर्षांची, पाठीत वाकलेली, पण जिभेला गंज नव्हता. माइक तोंडापाशी आला तशी ती म्हणाली, "म्हणले, त्या दिशी दोनदा मागं वळून बघितलं मी."

पुढचं तिला सांगायचं होतं. मागं कुणाला बघितलं, कोण फाटकात उभं होतं, कोण खोटं बोललं, ते सगळं. पण सर्जेरावांनी माइक ओढून घेतला. छातीवर हात ठेवून ते मनापासून ओरडले. "ऐकलं का! मागं वळून बघितलं! देह तिकडं व्हता, नजर आपल्या पांडुरंगाकडं व्हती!" टाळ, मृदंग, जयजयकार एकदम सुरू झाला. बायका डोळे पुसू लागल्या.

द्वारकाबाई माइकशिवाय ओरडली. "ह्या घ्या तुमच्या माळा! तुम्हीच फेकल्या व्हत्या, लाज वाटू द्या!" आणि तिनं पोतं त्या संगमरवरी पायांवर उपडं केलं.

क्षणभर कुणाला समजलं नाही. मग कुणीतरी किंचाळलं, "महाराजांनी जपून ठिवल्या आपल्या माळा!" लोक तुटून पडले. कडूबा नावाचा म्हातारा आडवा झाला, त्याला ओलांडून बाकीचे पुढं गेले. कुणाची माळ कुणाच्या हाती लागली याचा पत्ता नव्हता. कुणी डोळ्यांना लावत होतं, कुणी दोन-दोन कमरेला खोचत होतं. ज्यांनी तेव्हा खिडकीतून फेकली होती त्यांच्यात मारामारी जुंपली. द्वारकाबाई बाजूला उभी होती. तिला थुंकावंसं वाटलं, पण कुणावर थुंकायचं ते ठरेना. आपल्या गळ्यातली माळ तिच्या हाताला लागली आणि तिला वाटलं, हीसुद्धा त्याच पोत्यातली.

दुसऱ्या दिवशी ती जालन्याच्या एसटीत बसली. फाटक उघडंच होतं. ओळखीचे कुणी उरले नव्हते. एक नवा राखणदार विडी ओढत होता, त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. ती फाटकातून आत गेली. वीस पावलं ती म्हातारपणामुळं तीस झाली. पायरी चढून तिनं चपला काढल्या आणि दारातून आत डोकावली.

आत बाक होते. भिंतीला पंखा, एक दिनदर्शिका, खिडकीत चिमणीनं आणलेल्या काड्या. पुढं क्रूसावर तो माणूस, आणि त्याच्या पायाला खिळा. एक बाई खाली बसून फरशी पुसत होती. ती म्हणाली, "बसा ना आजी, ओलं नाही तिकडे."

द्वारकाबाई दुसऱ्या बाकावर बसली. पहिला बाक रिकामा होता. बराच वेळ ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"एवढंच व्हतं व्हय आत," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"काही न्हाई. तुम्ही पुसा, बाई."